तीन की आठ

सोलरच्या कामाला लागण्याआधी मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला होते. सहा वर्षं टॉवेलच्या कडा शिवल्या. एका उन्हाळ्यात त्या कारखान्याच्या पत्र्यावर सोलरच्या प्लेटा चढायला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत मी डबा हातात घेऊन वर काय चाललंय ते बघत उभी राहायचे. चार दिवसांनी प्लेटा बसवणाऱ्या टोळीतल्या एकानं वरूनच विचारलं, एवढं बघताय तर शिकता का. मी हो म्हणाले आणि मग शिकलेही. घरच्यांना सुरुवातीला पटलं नाही. पहिला पगार घेऊन आले तेव्हा सासूबाईंनी एवढंच विचारलं की शिडीला खाली धरायला कुणी असतं ना.

असायचं. मामा असायचे.

मामा म्हणजे माझे नात्यातले कुणी नव्हेत. त्याच कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी आणि रागावले की दोन्ही. माग कमी होत गेले तसे तेही सोलरच्या कामाला आले, आणि कंपनीनं आम्हा दोघांची जोडी लावून दिली. वय अठ्ठावन्नच्या आसपास, अंगानं काटकुळे, पण दोन प्लेटा एका वेळी उचलायचे. मला ते अम्मा म्हणत. त्यांच्यात लहान पोरींनाही तसंच म्हणतात, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. तोवर मला वाटायचं, मी वयानं फार मोठी दिसते.

आमच्या कामाची वाटणी ठरलेली होती. दोरी, ओळंबा, पाने, ड्रिल मामांचं. फोन माझा. आमच्या कामात फोन लागतोच. खड्डे खणले की फोटो, सिमेंट ओतलं की फोटो, प्लेटा चढल्या की शेतकऱ्याला शेजारी उभं करून फोटो, आणि प्रत्येक फोटोवर ती जागा कुठली हे आपोआप उमटलेलं पाहिजे. प्रत्येक प्लेटेच्या मागचा नंबर फोननं टिपायचा. शेवटी मोटर चालवणारा जो डबा असतो, ज्याला आम्ही कंट्रोलर म्हणतो, त्याचीही नोंद फोनवरच. मामांच्या बंडीत बटणांचा साधा फोन असायचा. स्मार्टफोन घ्या म्हटलं की ते म्हणत, "ते फोटो पाठवायचं यंत्र हाय अम्मा, हत्यार न्हवं." आणि कुठं काही वाचायची वेळ आली की हात पुढं करून दाखवत, तू वाच, माझे हात मळलेत. हात खरंच मळलेले असत. त्यामुळे मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही.

मार्चमध्ये आम्हाला मंद्रूपजवळच्या एका शेतावर सोलर पंपाचं काम आलं. शेत गावापासून आत, बोअरला पाणी चांगलं, पण वीज यायची ती अवेळी. घरात त्या वेळी शेताच्या मालकीणबाई एकट्या होत्या, पन्नाशीच्या; आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. त्यांचे मालक मेंढरं घेऊन दिवाळीनंतर बाहेर पडलेले, चारा मिळेल तसं पुढं सरकत असलेले. शेत, दोन म्हशी आणि आमच्यावर देखरेख, सगळं मावशींकडं. आम्ही पोचल्या पोचल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ह्यातली फिटर कोण?" मी म्हणाले, दोघंही. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "बरं हाय की."

पहिल्या दिवशी काम होतं खड्ड्यांची आखणी. प्लेटा दक्षिणेकडं तोंड करून बसवायच्या असतात, म्हणून आधी दक्षिण नेमकी काढायची. फोनमध्ये होकायंत्र असतंच. मी फोन जमिनीवर ठेवला, काटा थांबू दिला, त्याप्रमाणं फक्कीनं रेषा मारली आणि चार खड्ड्यांच्या खुणा केल्या. खड्ड्याचं मशीन लावलेला ट्रॅक्टर बांधावर येऊन उभा होता. मी त्याला हात करणार एवढ्यात मामा म्हणाले, रेषा तिरकी हाय.

मी म्हणाले, फोननं काढलीय.

ते म्हणाले, फोननंच काढली असंल, पण तिरकी हाय.

मावशीही कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांनी मामांची बाजू घेतली. त्यांच्या घराचं दार उगवतीला होतं, आणि माझी रेषा घराच्या भिंतीशी जुळत नव्हती. मला राग आला. घर काय कुणी होकायंत्र लावून बांधलंय का, असं मनात आलं. मामांनी वाद घातला नाही. एक सरळ गज घेतला, ओळंबा लावून जमिनीत उभा ठोकला आणि त्याच्या सावलीच्या टोकाला खडा ठेवला. मग म्हणाले, अर्धा तास थांबा. ट्रॅक्टरवाला कुरकुरला. मावशींनी त्याला चहा दिला, मग तो थांबला.

अर्ध्या तासानं सावलीचं टोक सरकलं होतं. मामांनी तिथं दुसरा खडा ठेवला आणि दोन्ही खड्यांवरून दोरी ताणली. त्या दिवसांत सावलीचं टोक पश्चिमेकडून पूर्वेकडं जवळजवळ सरळ जातं, त्यामुळे ती दोरी म्हणजे पूर्व-पश्चिम. तिला गुण्या लावून काटकोन काढला की दक्षिण. माझी दक्षिण मामांच्या दक्षिणेपासून चांगलीच पश्चिमेला ढळलेली निघाली. मावशींच्या घराची भिंत मामांच्या दोरीला समांतर होती.

मला कळेना. तोच फोन, मागच्या कामाला बरोबर दाखवत होता. मी तो उचलून उलटसुलट केला, आणि मग माझ्या लक्षात आलं. आठवड्यापूर्वी माझ्या मुलीनं मला फोनला नवीन कव्हर आणून दिलं होतं, पाकिटासारखं मिटणारं. मिटताना टक्कन चिकटायचं, म्हणून मला फार आवडलं होतं. ते चिकटायचं लोहचुंबकानं. मी कव्हर काढलं आणि फोन पुन्हा जमिनीवर ठेवला. काटा हळूहळू फिरत फिरत मामांच्या दक्षिणेशी येऊन जुळला.

मामांनी नव्या रेषेची दोरी ताणायला घेतली. मावशी मात्र हसत बसल्या, आणि त्यांचं बघून मीही. जुनी फक्की पायानं पुसली, नवी मारली, खड्डे झाले. ते कव्हर मी मुलीला परत दिलं नाही, वाईट वाटलं असतं. घरी गेले की घालायचे आणि कामाला निघताना काढून ठेवायचे.

सिमेंट पक्कं व्हायला आठवडा दिला आणि आम्ही पुन्हा मंद्रूपला गेलो. ह्या वेळी काम मोठं होतं. लोखंडी सांगाडा उभा करायचा, प्लेटा चढवायच्या, कंट्रोलर जोडायचा, मोटर चालवून दाखवायची. ऊन असं होतं की पाना सावलीत ठेवावा लागत होता. दुपारी एकच्या आत प्लेटा चढल्या. मी सगळ्यांचे नंबर फोननं टिपत गेले, आणि शेवटची प्लेट राहिली असताना फोननं पडद्यावर लिहून दाखवलं की तो तापलाय, गार होईपर्यंत चालणार नाही.

मावशींना मी सांगितलं, फोनला ऊन लागलंय. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पदरात गुंडाळला आणि माठाशेजारी नेऊन ठेवला. माठाला बाहेरून ओलं फडकं होतं. वीस मिनिटांत फोन शुद्धीवर आला. त्यानंतर दिवसभर फोन माठ ते सांगाडा अशा फेऱ्या करत होता, आणि त्या फेऱ्या मावशी करत होत्या.

दोन वाजता आम्ही मोटर चालू केली. कंट्रोलरमधून घरघर झाली, बोअरमध्ये खाली काहीतरी फिरल्यासारखं वाटलं, पाइपातून अगदी बारीक धार आली आणि बंद पडली. कंट्रोलरवर लाल दिवा लागला. असा दिवा लागला की शेजारच्या छोट्या पडद्यावर एक आकडा येतो, आणि प्रत्येक आकड्याचा दोष वेगळा असतो. आमच्याकडं त्या नव्या कंट्रोलरचं पुस्तक नव्हतं. कंपनीच्या इंजिनिअरला फोन करून विचारायचं होतं, आणि फोनला रेंज फक्त वरच्या बांधावर, बाभळीपाशी होती.

म्हणून मी बांधावर गेले आणि मामा कंट्रोलरपाशी थांबले. मी वरून ओरडून विचारलं, आकडा कोणता. थोडा वेळ उत्तर आलं नाही. मग आलं, तीन.

इंजिनिअर म्हणाला, तीन म्हणजे प्लेटांकडून वीज नीट येत नाही, सगळी जोडणी पुन्हा तपासा. मी खाली आले, शिडी लावली आणि एकेक जोड उघडून, पुसून, पुन्हा लावला. तासभर तापलेल्या सांगाड्याखाली मान वर करून. सगळे जोड ठीक होते. पुन्हा चालू केलं, पुन्हा बारीक धार, पुन्हा लाल दिवा. मी पुन्हा बांधावर गेले. आकडा? तीन. इंजिनिअर म्हणाला, मग एखादी प्लेटच खराब असेल, एकेक वेगळी करून बघा.

एकेक वेगळी करायची म्हणजे उरलेला दिवस. मी खाली आले ती आधी पाणी प्यायला. माठ कंट्रोलरच्या वाटेवर होता, म्हणून पाण्याचा तांब्या हातात घेऊन मी सहज कंट्रोलरपाशी वाकले. उन्हात पडदा जवळजवळ दिसतच नव्हता. मी हातानं आडोसा केला.

आकडा आठ होता.

मी मामांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, पाना पुसत होते. तो पाना आधीच स्वच्छ होता. आणि त्या क्षणी मला आमच्या जोडीची दोन वर्षं एकदम दिसली. तू वाच, माझे हात मळलेत. पावती तूच वाच. मोटरीवरची पट्टी तूच वाच. ओळंबा आणि दोरी त्यांना लांबून दिसत होती, गजाची सावली दिसत होती, माझी तिरकी रेषा दिसली होती. जवळचं बारीक काही दिसत नव्हतं, आणि दोन वर्षं त्यांनी ते मळलेल्या हातांआड झाकून ठेवलं होतं. तासभर मी तापलेल्या लोखंडाखाली होते त्याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. मला फक्त एवढंच सुचेना की आता बोलायचं काय. मावशी दोन पावलांवर उभ्या होत्या.

मी तांब्या खाली ठेवला. फोन काढला, पडद्यावर सावली धरून त्याचा फोटो घेतला, दोन बोटांनी तो मोठा केला, एवढा की आकडा तळहाताएवढा झाला, आणि फोन मामांच्या हातात दिला. म्हणाले, "मामा, मला उन्हात नीट दिसंना. तुमी बघा जरा."

त्यांनी फोन हातभर लांब धरला. मग जवळ आणला. मग पुन्हा लांब. बराच वेळ बघत राहिले.

"आठ," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काय केलं ते त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं. त्यांनी फोटो बोटानं सरकवून बघितला. शेजारी कंट्रोलरवर छापलेल्या बारीक ओळी होत्या, त्याही आता मोठ्या झालेल्या. त्यांनी त्या अक्षर लावून वाचल्या. त्यात जोडणीची आकृती होती, मोटरीकडं जाणाऱ्या तीन वायरींची.

मी पुन्हा बांधावर गेले. इंजिनिअरनं सांगितलं, आठ म्हणजे मोटरीला पाणी मिळत नाही, बोअर कोरडी असावी. मी हे खाली येऊन सांगितलं तर मावशी रागावल्या. त्या बोअरनं सबंध दुष्काळात तीन घरांना पाणी दिलं होतं. कोरडी म्हणणारा कोण आहे त्याला हितं आणा, म्हणाल्या.

मामा तोवर बोअरच्या पाइपाला कान लावून बसले होते. मला म्हणाले, चालू कर. मी केलं. ते ऐकत राहिले. दिवा लागून बंद पडल्यावर उठले.

"मोटर उलटी फिरतीया," म्हणाले. "मागाची मोटर उलटी लागली की असाच आवाज येतो. तीनातल्या दोन वायरी बदल."

पाणबुडी मोटर उलटी फिरली तर पाणी उचलत नाही, नुसती घुसळते, आणि कंट्रोलरला वाटतं खाली पाणीच नाही. हे मी शिकताना वहीत लिहिलं होतं. त्या वेळी आठवलं मात्र नाही, मामांच्या कानाला आठवलं. मी वीज बंद केली, दोन वायरींची अदलाबदल केली. ह्या वेळी चालू करायचं बटण मी मामांनाच दाबायला लावलं.

पाइपात आधी हवा खाकरली. मग लाल माती मिसळलेलं पाणी आलं आणि मग स्वच्छ, मनगटाएवढ्या जाडीचं, जोरात. मावशींनी हात धरला, तोंडावर मारलं, प्यायल्या. मग मला म्हणाल्या, तुझा फोन दे, मालकांना दाखवायचंय.

त्यांच्याकडंही फोन होता, पण बटणांचा. मालकांबरोबर मेंढरं राखायला गेलेल्या पुतण्याकडं मात्र मोठा फोन होता. मी पाण्याचा व्हिडिओ काढला. मावशी त्यात आधी नुसत्याच उभ्या राहिल्या. मी म्हणाले, बोला काहीतरी. त्या पाण्याकडं हात करून म्हणाल्या, "बगा, हे उन्हाचं पानी. वीज यायची वाट बगायची न्हाय आता. मेंढरं घिऊन लवकर या." बांधावर जाऊन मी तो पाठवला. उत्तर म्हणून पंधरा मिनिटांनी तिकडून एक फोटो आला. माळावर बसलेली मेंढरं, आणि मधोमध पागोटं बांधलेले मालक, हात वर करून. मावशी तो फोटो पुन्हा पुन्हा मागून बघत होत्या. कोणती मेंढी व्यायली असेल, तेही त्यांनी त्यातच शोधलं.

आम्ही टेम्पोतून परत निघालो. सोलापूर जवळ आल्यावर मामा आपणहून बोलायला लागले. चार-पाच वर्षांपासून जवळचं धुरकट दिसत होतं. मागावर होते तोवर अडलं नाही, तुटलेला धागा ते बोटांनीच शोधायचे. ह्या कामात आले तेव्हा वाटलं, जवळचं वाचता येत नाही हे कळलं तर कंपनी शिडीवर चढू द्यायची नाही. मी विचारलं, चष्मा का नाही घेतला. म्हणाले, घातला असता तर तू विचारलं असतंस, कधीपासून दिसत नाही.

मला हसू आलं आणि त्यांनाही आलं. त्यांनी विचारलं, कंपनीत सांगणार का. मी म्हणाले, सांगणार नाही, पण रविवारी आपण डोळे तपासायला जायचं. ते म्हणाले, तू कशाला. मी म्हणाले, तुमचे हात मळलेले असतात, तिथला तक्ता कोण वाचणार.

रविवारी गेलो. डॉक्टरांनी सांगितलं, वयाप्रमाणं आहे, जवळचा नंबर लागलाय, बाकी डोळे उत्तम. चष्म्याला दोरी लावून घ्या, एवढीच सूचना मी केली. आणि त्याच संध्याकाळी मामांनी जावयाचा जुना स्मार्टफोन मागून घेतला. शिकवायचं काम माझ्याकडं आलं. टाइप करायला ते तयार नव्हते, मग मी त्यांना बोलून निरोप पाठवायला शिकवलं. त्यांचे निरोप असे येतात की पहिला अर्धा भाग मराठीत आणि घाई झाली की उरलेला तेलुगूत, आणि मग मला शेजारणीकडं जाऊन अर्थ विचारावा लागतो. त्यातून मला तेलुगूतले पाना, शिडी आणि जेवलीस का हे तीन शब्द पक्के झालेत.

फोटोंचं त्यांना वेड लागलंय. मोटरीवरच्या प्रत्येक जुन्या पट्टीचा फोटो काढतात, मोठा करतात आणि मला वाचून दाखवतात, मी विचारलेलं नसलं तरी. चष्मा असताना फोटो कशाला, असं विचारलं तर म्हणतात, चष्म्यानं दिसतं, फोटोनं खात्री होते. दक्षिण मात्र ते अजूनही गजाच्या सावलीनंच काढतात. मी फोननं काढते. दोन्ही जुळल्या तरच खड्डे खणायचे, असं आमचं ठरलंय, आणि जुळल्या नाहीत तर कुणाचं चुकलं ह्यावर चहा ठरतो.

गेल्या महिन्यात आम्ही करकंबला गेलो होतो. बाजारातल्या एका दुकानाच्या पत्र्यावर प्लेटा बसवायच्या होत्या. पत्रा उंच होता आणि मालक घाई करत होता. मी शिडी लावायला सुरुवात केली तर मामा म्हणाले, थांब. ते रस्त्याच्या पलीकडं गेले, समोरच्या माडीवर चढले, तिथून फोननं पत्र्याचा फोटो काढला आणि तिथंच उभं राहून तो मोठा करून बघत बसले. मग खाली आले आणि फोन माझ्यासमोर धरला. मधल्या दोन पत्र्यांना, आढ्याजवळ, गंजानं चाळणी झाली होती. खालून ते दिसलंच नसतं, आणि मी तिथंच पाय ठेवला असता.

मालक म्हणाला, एवढं काही नाही, आमचा माणूस नेहमी चढतो. मामांनी त्यालाही फोटो दाखवला, बोटानं आणखी मोठा केला, आणि त्यानं नव्या पत्र्यांसाठी फोन लावला. नवे पत्रे येईपर्यंत काम आठवडाभर पुढं गेलं. त्या दिवशी आम्हाला काहीच काम उरलं नव्हतं. बाजारात लिंबं चांगली होती. मामांनी दोन किलो घेतली, त्यातली निम्मी माझ्या पिशवीत घातली, आणि दुपारच्या एसटीनं आम्ही खिडकीपाशी बसून घरी आलो.